घेवड्यात लोह किती, त्यापेक्षा अंगी लागते किती?

केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२५ रोजी कडधान्य आत्मनिर्भरता अभियानाला मंजुरी दिली. २०२५-२६ ते २०३०-३१ या सहा वर्षांसाठी ११,४४० कोटी रुपयांची तरतूद, ३५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य आणि तूर, उडीद, मसूर या तीन पिकांची नोंदणीकृत शेतकऱ्यांकडून चार वर्षे पूर्ण खरेदी, असे त्याचे स्वरूप आहे. आयात कमी व्हावी आणि शेतकऱ्याला खात्रीची बाजारपेठ मिळावी, हा उद्देश योग्यच आहे. मात्र यातील सगळी मोजणी टन आणि हेक्टरमध्ये आहे. कडधान्य ज्या कारणासाठी ताटात हवे, ते पोषण या मोजणीत कुठे येत नाही.

पोषणाचे चित्र काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के असून, आधीच्या फेरीत ते ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमध्ये राज्याचा आकडा ६८.९ टक्के आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी लोहाची कमतरता हे त्यातील मोठे कारण आहे. म्हणूनच गेल्या काही वर्षांत ‘लोहसमृद्ध वाण’ हा शब्द कृषी विस्ताराच्या बैठकांमध्ये वारंवार ऐकू येतो.

घेवड्याच्या पिकावर, म्हणजे राजमा वर्गातील सुक्या दाण्यांवर, जगात या विषयावर सर्वांत जास्त काम झाले आहे. त्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. दाण्यात लोह किती आहे, हा प्रश्न निम्माच आहे. त्यातील किती अंगी लागते, हे दाण्याची साल, त्यातील फायटेट, शिजवण्याची पद्धत आणि आपल्या आतड्यातील जिवाणू ठरवतात. वाण निवडणारा शेतकरी, सल्ला देणारा कृषी सहायक आणि उसळ शिजवणारी अंगणवाडी मदतनीस, या तिघांनाही हे समजणे उपयोगाचे आहे.

रवांडाचा अनुभव : दाण्यातील वाढ आणि रक्तातील वाढ

आफ्रिकेतील रवांडा या छोट्या देशात घेवडा हे रोजचे अन्न आहे. आपल्याकडे वरण किंवा उसळ असते, तसे तेथे बहुतेक जेवणात घेवडा असतो. साध्या घेवड्यात किलोमागे सुमारे ५० मि.ग्रॅ. (५० पीपीएम) लोह असते. पारंपरिक पैदास पद्धतीने ते ९४ पीपीएमपर्यंत नेण्याचे लक्ष्य हार्वेस्टप्लस कार्यक्रमाने ठेवले. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्र आणि रवांडाचे कृषी मंडळ यांनी मिळून २०१० पासून असे वाण शेतकऱ्यांपर्यंत पोचवले.

या वाणांचा माणसावर परिणाम तपासला गेला. हुये येथील विद्यापीठातील १८ ते २७ वर्षे वयाच्या १९५ तरुणींना १२८ दिवस दिवसातून दोन वेळा घेवडा देण्यात आला. एका गटाला ८६ पीपीएम लोहाचा, तर दुसऱ्याला ५० पीपीएमचा. पहिल्या गटात हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहसाठा दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लोहसमृद्ध घेवड्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो.

पण त्याच देशात झालेला दुसरा अभ्यास तितकाच महत्त्वाचा आहे. त्यात ५४ पीपीएमचा साधा आणि ८८ पीपीएमचा लोहसमृद्ध घेवडा, यातून प्रत्यक्ष शोषले गेलेले लोह मोजले गेले. दाण्यातील लोह ६० टक्क्यांहून अधिक वाढलेले होते. शोषले गेलेले लोह मात्र सुमारे १९ टक्केच जास्त भरले. कारण लोहसमृद्ध दाण्यात फायटेटही जास्त होते. त्यातील निम्मे फायटेट काढल्यावर हा फायदा ३७ टक्क्यांपर्यंत आणि जवळजवळ सगळे काढल्यावर ५१ टक्क्यांपर्यंत गेला.

हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. रोज दोन वेळा, चार महिने खाल्ल्यावर छोटा फायदाही साठत जातो. मात्र पिशवीवरच्या पीपीएमच्या आकड्याइतकाच फायदा शरीराला होतो, हा समज चुकीचा ठरतो.

लोह अडते कुठे?

घेवड्यातील लोहाच्या वाटेत तीन अडथळे आहेत.

पहिला अडथळा फायटेटचा. झाड आपल्या बियांमध्ये स्फुरद फायटेटच्या रूपात साठवते. उगवताना रोपाला तो उपयोगी पडतो. पण फायटेट लोह, जस्त आणि कॅल्शियम यांना घट्ट धरून ठेवते. लोहाचे शोषण मुख्यतः जठराच्या लगेच पुढे असणाऱ्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होते. तेथून जाताना ते फायटेटला जखडलेले असेल, तर तसेच पुढे निघून जाते.

दुसरा अडथळा सालीचा. लाल, काळ्या, गडद रंगाच्या सालीत टॅनिन आणि इतर पॉलिफिनॉल असतात. माणसांवरील एका अभ्यासात घेवड्याच्या सालीतील २०० मि.ग्रॅ. पॉलिफिनॉल जेवणात मिसळल्यावर लोहाचे शोषण ४५ टक्क्यांनी घटले. मात्र सगळे पॉलिफिनॉल सारखे नसतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ परिसरातील कृषी संशोधन सेवेच्या प्रयोगशाळेने काळ्या घेवड्याच्या सालीतील एकेक घटक वेगळा करून आतड्याच्या पेशींवर तपासला. केम्फेरॉल, कॅटेचिन यांसारखे काही घटक लोह पेशीत जायला मदत करतात, तर क्वेर्सेटिन, मायरिसेटिन यांसारखे घटक अडवतात, असे दिसले. म्हणजे फक्त ‘गडद वाईट, फिकट चांगला’ एवढे सरळ गणित नाही. सालीत कोणता घटक किती, यावर ते ठरते. तरी पांढऱ्या, मलईरंगी आणि काही पिवळ्या प्रकारांतून लोह तुलनेने सहज मिळते, हा कल पेशींवरील चाचण्यांत वारंवार दिसला आहे.

तिसरा अडथळा दाण्याच्या डाळिंब्यांमधील पेशीभित्तिकांचा. घेवडा शिजून मऊ झाला, तरी आतील अनेक पेशी अखंड राहतात. आपली पाचक द्रव्ये ती भित्तिका फोडू शकत नाहीत, त्यामुळे आतले लोह बाहेर पडत नाही. ते पेशीसह मोठ्या आतड्यापर्यंत जाते. तेथे जिवाणूंचे राज्य सुरू होते.

मोठ्या आतड्यातील शेती

जमिनीतील जिवाणूंबद्दल शेतकऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. सेंद्रिय पदार्थ घातले की कुजवणारे जिवाणू वाढतात, त्यांच्या कामातून आम्ले तयार होतात आणि अडकलेली अन्नद्रव्ये मोकळी होतात. मोठ्या आतड्यात बरेचसे असेच घडते.

घेवड्यात रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा, न पचणारे स्टार्च आणि तंतू भरपूर असतात. माणसाकडे ते तोडणारी विकरे नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचतात आणि बिफिडोबॅक्टेरिया, लॅक्टोबॅसिलस यांसारख्या जिवाणूंचे खाद्य होतात. त्यांच्या आंबवण्यातून वायू तयार होतो, म्हणून राजमा खाल्ल्यावर पोट फुगते. पण त्याच प्रक्रियेत अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्यांचे तीन उपयोग आहेत.

- आतड्यातील सामू कमी होतो. आम्लधर्मी वातावरणात लोह विरघळलेल्या रूपात राहण्याची शक्यता वाढते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पीक पिवळे पडते आणि सामू कमी असलेल्या जमिनीत ते उपलब्ध होते, तसेच हे आहे.
- ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. अस्तर निरोगी राहिले की दाह कमी राहतो.
- दाह कमी असणे लोहासाठी फार महत्त्वाचे आहे. शरीरात दाह वाढला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते आणि ते आतड्यातून रक्तात जाणारे लोह रोखते. ज्या मुलाला वारंवार जुलाब किंवा संसर्ग होतो, त्याला लोहयुक्त अन्न देऊनही रक्त वाढत नाही, यामागे हे एक कारण असते.

शिवाय काही जिवाणूंकडे फायटेट तोडणारे फायटेज हे विकर असते. अर्थात, मोठ्या आतड्यातील लोहाचे शोषण लहान आतड्याच्या तुलनेत थोडेच असते. त्यामुळे जिवाणूंचा उपयोग ‘जादा लोह मिळवून देणे’ यापेक्षा ‘लोह शोषण्याजोगी स्थिती टिकवणे’ असा समजणे अधिक बरोबर आहे.

हा भाग मुख्यतः कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांतून पुढे आला आहे. लोहाच्या कमतरतेला पिलांचे शरीर लवकर प्रतिसाद देते, म्हणून कॉर्नेल येथील गटाने हे प्रारूप वापरले. लोहसमृद्ध मलईरंगी घेवड्यावर आधारित आहार दिलेल्या पिलांमध्ये लोहाची स्थिती सुधारली आणि आतड्यातील जिवाणूंची रचनाही बदलली. रवांडातील अभ्यासात वापरलेला घेवडा याच पद्धतीने तपासल्यावर पेशी, पिले आणि माणसे यांचे निष्कर्ष एकाच दिशेचे निघाले. लोहाबाबत हा दुवा मजबूत आहे. जिवाणूंबाबत मात्र पिलांवरचे निष्कर्ष माणसाला तसेच्या तसे लागू करू नयेत. विस्तार कार्यकर्त्याने ‘जिवाणूंमुळे रक्त वाढते’ असे विधान करू नये.

लोह जास्त म्हणजे नेहमी चांगले का?

न शोषलेले लोह मोठ्या आतड्यात जाते, तेव्हा ते जिवाणूंनाही मिळते. लॅक्टोबॅसिलस गटाला लोहाची गरज फारच कमी असते. ई. कोलाय, साल्मोनेला यांसारख्या आतड्यातील उपद्रवी जिवाणूंना मात्र लोह हवेच असते. तणालाच खत घालावे, असा हा प्रकार होऊ शकतो.

आयव्हरी कोस्टमध्ये शाळकरी मुलांना लोहयुक्त बिस्किटे दिलेल्या अभ्यासात (२०१०) उपद्रवी गटाचे जिवाणू वाढलेले आणि लॅक्टोबॅसिलस घटलेले आढळले. केनियात सहा महिन्यांच्या बालकांना लोहयुक्त पोषक भुकटी दिल्यावर (२०१५) असाच बदल आणि आतड्यातील दाह दिसला. पुढे केनियातच लोहासोबत जिवाणूंचे खाद्य ठरणारी गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड ही शर्करा दिल्यावर लोहाचे शोषणही सुधारले आणि हा दुष्परिणामही कमी झाला. घेवड्यात लोह आणि जिवाणूंचे खाद्य ठरणारी शर्करा एकत्रच असतात, म्हणून अन्नातून लोह देण्याचा मार्ग संशोधकांना आकर्षक वाटतो.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. वरील अभ्यासांचा अर्थ लोहाच्या गोळ्या बंद कराव्यात, असा मुळीच नाही. गरोदर महिलेला अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात रोज ६० मि.ग्रॅ. लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी १८० दिवस दिली जाते. तिची जागा उसळ घेऊ शकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीने आहारातून रोज २९ मि.ग्रॅ. लोह घ्यावे. ५० ग्रॅम सुक्या साध्या घेवड्यातून सुमारे अडीच मि.ग्रॅ. मिळते, ९४ पीपीएमच्या वाणातून ४.७ मि.ग्रॅ. म्हणजे गरजेच्या साधारण ९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांपर्यंत. ही वाढ चांगली आहे, रोजची असेल तर मोलाची आहे. पण तो औषधोपचार नव्हे.

फायटेट काढून टाकले तर?

अडथळा फायटेटचा आहे, तर कमी फायटेटचा वाणच का करू नये? असे वाण तयार झाले. रवांडातील महिलांवर त्याची चाचणीही झाली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोहाचे शोषण लोहसमृद्ध वाणाइतकेच भरले, पण सहभागी महिलांपैकी बहुतेकींना पोटाचा त्रास झाला. त्या घेवड्याचा दाणा शिजायला कठीण होता आणि त्यातील लेक्टिन हे विषारी प्रथिन शिजवूनही पूर्ण निष्प्रभ झाले नव्हते. एक गुण सुधारताना दुसरा बिघडला.

पैदासकारांसाठी आणि आपल्यासाठीही यातून धडा मिळतो. एकच आकडा धरून वाण निवडला, की शिजण्याचा गुण, चव, उत्पादन यांपैकी काहीतरी हातचे जाते. याउलट अमेरिकेत झालेल्या कामात लवकर शिजणाऱ्या प्रकारांमध्ये खनिजे टिकून राहण्याचे प्रमाण आणि लोहाची उपलब्धता चांगली आढळली. लवकर शिजणारा दाणा गृहिणीलाही हवा असतो आणि इंधनही वाचवतो. पोषण आणि बाजार एकाच दिशेने जाण्याची ही संधी आहे.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंगावर लाल रेषा असलेला हा दाणा खरिपातील कमी कालावधीचे, हमखास पैसे देणारे पीक म्हणून ओळखला जातो. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘वरुण’सारखा राजम्याचा वाण दिला. मराठवाड्यातील काही भागांत रब्बीत राजम्याचे क्षेत्रही दिसू लागले आहे. मात्र हमीभावाच्या यादीतील कडधान्ये म्हणजे तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर. घेवडा आणि राजमा त्यात नाहीत. नव्या अभियानातील खात्रीची खरेदीही त्यांना लागू नाही. या पिकाला गुणवत्तेवरच भाव मिळवावा लागणार आहे.

गुणवत्तेचे मोजमाप धोरणात कसे आणता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांच्या कामातून ‘धनशक्ती’ हा लोहसमृद्ध बाजरीचा वाण आला. याच बाजरीच्या भाकरीवर महाराष्ट्रातील निवासी शाळांमध्ये १२ ते १६ वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास झाला. सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्या मुलांमध्ये, साध्या बाजरीच्या तुलनेत ती भरून निघण्याची शक्यता सहा महिन्यांत ६४ टक्क्यांनी जास्त आढळली. पुढे २०१८ मध्ये बाजरीचा नवा वाण प्रसारित करताना किमान ४२ पीपीएम लोह आणि ३२ पीपीएम जस्त असावे, असा निकष अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाने घातला.

घेवडा आणि राजम्यासाठी असा विचार करताना केवळ पीपीएमवर थांबणे पुरेसे होणार नाही. दाण्यातील लोहासोबत फायटेटचे प्रमाण, सालीतील पॉलिफिनॉल आणि शिजण्याचा वेळ, हे तीन निकष वाणाच्या चाचणीत असले पाहिजेत. शिजण्याचा वेळ मोजायला महागडे यंत्र लागत नाही. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रात्यक्षिक प्लॉटवरील दाणे प्रत्येक हंगामात मोजून त्याची नोंद ठेवणे सहज शक्य आहे.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

- वाण : दाण्यातील लोहाचे प्रमाण मुख्यतः वाणाच्या अनुवंशावर ठरते. त्यामुळे शुद्ध, प्रमाणित बियाणे वापरणे हा पहिला उपाय. ‘लोहसमृद्ध’ म्हणून बियाणे विकले जात असेल, तर वाणाचे नाव, प्रसारण करणारी संस्था आणि लोहाचा चाचणी अहवाल मागावा.
- फवारणी : पीक पिवळे पडल्यावर फेरस सल्फेटची फवारणी उपयोगी आहे, ती पिकाच्या वाढीसाठी. दाण्यातील लोह त्यामुळे मोठ्या प्रमाणात वाढते, या भरवशावर खर्च करू नये. खतातून दाण्यातील जस्त वाढवणे तुलनेने सोपे असते, लोह वाढवणे अवघड. चुनखडीच्या जमिनीत घातलेले फेरस सल्फेट लवकर अविद्राव्य होते. ते शेणखतात मुरवून द्यावे.
- नत्र : राजम्याच्या मुळांवर आपल्याकडे गाठी पुरेशा बसत नाहीत. इतर कडधान्यांप्रमाणे नत्राचा हात आखडता घेतला, तर उत्पादन घटते. माती परीक्षणानुसार विद्यापीठाच्या शिफारशीत खत द्यावे.
- काढणी : शेंगा पक्व झाल्यावर पावसात भिजू देऊ नयेत. भिजलेला दाणा डागाळतो, त्याचा रंग काळवंडतो आणि भाव पडतो.
- साठवण : पोषणाच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित बाब हीच आहे. उष्ण आणि दमट जागी काही महिने ठेवलेला घेवडा कितीही शिजवला तरी कडक राहतो. साठवणीत फायटेट तुटून मोकळे झालेले कॅल्शियम पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते, हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. दाणे १० टक्क्यांच्या आसपास ओलाव्यापर्यंत वाळवून, हवाबंद पिशवीत, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावेत. भुंग्यापासून बचावही त्याच पिशवीत होतो.

स्वयंपाकघरात सांगायच्या गोष्टी

महिला बचत गट, अंगणवाडी आणि शाळांमधील स्वयंपाकी यांच्याशी बोलताना पुढील मुद्दे पुरेसे आहेत.

- घेवडा किंवा राजमा रात्रभर भिजवावा, पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात शिजवावा. त्यामुळे फायटेट, टॅनिन आणि पोट फुगवणाऱ्या शर्करा काही प्रमाणात कमी होतात. जिवाणूंचे थोडे खाद्य जाते, पण तंतू आणि न पचणारे स्टार्च दाण्यातच राहतात.
- राजमा कच्चा किंवा अर्धकच्चा कधीही खाऊ नये. त्यातील लेक्टिनमुळे उलट्या आणि जुलाब होतात. मंद आचेवर नुसता गरम ठेवणे धोक्याचे आहे. कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा किंवा उघड्या भांड्यात किमान अर्धा तास खळखळ उकळून मग मऊ होईपर्यंत शिजवावा. मटकी-मुगासारखे मोड आणून राजमा कच्चा कोशिंबिरीत घालू नये.
- मोड आल्यावर फायटेज सक्रिय होऊन फायटेट घटते. मटकी, मूग, चवळी यांना मोड आणून शिजवण्याची आपली पद्धत लोहाच्या दृष्टीने उत्तम आहे.
- शिजलेला दाणा घोटावा किंवा वाटावा. अखंड पेशी फुटतात आणि आतले लोह मोकळे होण्यास मदत होते. लहान मुलांसाठी हे विशेष महत्त्वाचे.
- जेवणात लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो यांपैकी काहीतरी असावे. क जीवनसत्त्व फायटेट आणि टॅनिनचा अडथळा बऱ्याच अंशी मोडते. लिंबू ताटात पिळावे. उकळल्यावर क जीवनसत्त्व घटते.
- जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा नको. किमान एक तासाचे अंतर ठेवावे.
- लवकर शिजावा म्हणून खायचा सोडा घालू नये. थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट होते.
- ज्यांना सवय नाही, त्यांनी आठवड्यातून दोनदा, थोड्या प्रमाणात सुरुवात करावी. नियमित खाल्ल्यावर काही आठवड्यांत पोट फुगण्याचा त्रास बहुतेकांना कमी होतो.

या सगळ्याच्या बरोबरीने शुद्ध पाणी, शौचालयाचा वापर, हात धुणे आणि जंतनाशक गोळी यांना पर्याय नाही. आतड्यात संसर्ग कायम असेल, तर हेप्सिडिनचे दार बंदच राहते. मग ताटातील लोह ५० पीपीएमच्या घेवड्याचे असो की ९० च्या.

विक्री करताना

शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ‘रक्त वाढवणारा राजमा’ किंवा ‘अॅनिमियावर उपाय’ असे पिशवीवर छापू नये. अन्नपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा करण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत परवानगी नाही. लोहाचा उल्लेख करायचा असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा त्या लॉटचा अहवाल हवा. त्याऐवजी वाण, गाव, काढणीचा महिना, साठवणीची पद्धत आणि ‘इतक्या मिनिटांत शिजतो’ ही माहिती द्यावी. ग्राहक ती घरी पडताळून पाहू शकतो. नवा, नीट साठवलेला, लवकर शिजणारा घेवडा हा खरा गुणवत्तेचा माल आहे आणि लोह अंगी लागण्याच्या दृष्टीनेही तोच उजवा ठरण्याची शक्यता जास्त आहे.

कडधान्य अभियानाची पुढील सहा वर्षे टनांच्या हिशेबात जातील, हे उघड आहे. त्यातच एक छोटी भर घालता येईल. ज्या गावात बियाण्याचे वाटप होते, त्याच गावात साठवणुकीची हवाबंद पिशवी आणि शिजवण्याच्या पद्धतीचे एक प्रात्यक्षिक व्हावे. कृषी सहायक, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांची एक एकत्र बैठक त्यासाठी पुरेशी आहे. पेरणीपूर्वी कृषी सहायकाने वाण आणि साठवण सांगावी, काढणीनंतर सेविकेने शिजवून दाखवावे. उत्पादन वाढवण्यासाठी होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे आणि पिकवलेल्या प्रत्येक क्विंटलमधून अंगी लागणारे लोह त्याने वाढू शकते.